‘नाही’ आणि ‘नव्हे’ : कोशांतील अस्तित्ववाचक शब्दांचा इतिहास

१

गडहिंग्लजच्या बाजारात मिरचीच्या ढिगापाशी दोन प्रश्न हमखास कानी पडतात. एक, ‘मिरची हाय का?’ आणि दुसरा, ‘ही संकेश्वरी व्हय?’ पहिल्याला नकार द्यावयाचा तर उत्तर येते ‘न्हाई’. दुसऱ्याला द्यावयाचा तर ‘न्हवं’. ही उत्तरे अदलून दिली तर गिऱ्हाईक गोंधळेल. ‘न्हाई’ म्हणजे माल उरलेला नाही; ‘न्हवं’ म्हणजे माल समोर आहे, पण तुम्ही समजता तो नव्हे. एका नकाराने वस्तूचे असणे नाकारले जाते, दुसऱ्याने तिचे अमुक असणे. तत्त्वज्ञांनी ज्या भेदासाठी ग्रंथच्या ग्रंथ खर्ची घातले, तो भेद येथे तागडी हातात धरलेला माणूस विनासायास पाळतो.

प्रमाण मराठीत हीच जोडी ‘नाही’ आणि ‘नव्हे’ अशी आहे, आणि त्यांच्या समोर ‘आहे’ आणि ‘होय’ उभे आहेत. ‘नाही’मध्ये ‘न’ आणि ‘आहे’ आहेत. ‘नव्हे’मध्ये ‘न’ आणि ‘होणे’ या धातूचे जुने वर्तमानकाळी रूप आहे. ‘होय’ हेही त्याच ‘होणे’चे रूप. म्हणजे ज्याला आपण होकार म्हणतो ते मराठीत मुळात अव्यय नसून क्रियापद आहे. ‘होय’ म्हणणारा माणूस ‘तसे होते’, ‘तसे घडते’ असे विधान करीत असतो. आहे, नाही, होय, नव्हे हा चार शब्दांचा चौकोन आपल्या भाषेच्या अगदी तळाशी आहे. लिहिताबोलताना त्याच्याकडे आपले लक्ष जात नाही, कारण त्यावाचून आपणांस एक वाक्यही पुरे करता येत नाही.

हा चौकोन १९व्या शतकात इंग्रजी धाटणीच्या कोशांत शिरला तेव्हा त्याचे काय झाले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. प्रश्न वरकरणी कोशकारांचा वाटतो. तो समीक्षकांचाही आहे. कारण ‘अस्तित्व’, ‘स्थिती’, ‘अवस्था’, ‘परिस्थिती’ हे आज साहित्यचर्चेत सर्रास वापरले जाणारे शब्द त्याच कोशांच्या वाटेने सध्याच्या अर्थाला पोचले आहेत. ती वाट तपासल्याशिवाय त्या शब्दांनी आपण काय म्हणतो आणि काय म्हणावयाचे राहून जाते, हे कळणार नाही.

२

आरंभ मराठी कोशांपासून न करता इंग्रजी कोशांपासून करणे सोयीचे आहे. इंग्रजीतील पहिला एकभाषिक कोश म्हणून रॉबर्ट कॉड्री याच्या १६०४च्या पुस्तकाचा उल्लेख केला जातो. त्यात सुमारे अडीच हजार शब्द होते, आणि ते सगळे ‘कठीण’ शब्द होते : लॅटिन, ग्रीक, हिब्रू, फ्रेंच यांतून आलेले, सामान्य वाचकाला अडणारे. अशा कोशात ‘असणे’ या अर्थाच्या ‘बी’ या क्रियापदाला जागा असण्याचे कारण नव्हते. जे सर्वांना ठाऊक आहे त्याचा अर्थ कशासाठी सांगावयाचा? कोशाने भाषेतील सर्व शब्द, साधेसुद्धा, सामावून घ्यावेत ही कल्पना १८व्या शतकात रुजली, आणि तिच्याबरोबरच एक नवी अडचण उभी राहिली. कठीण शब्दाचा अर्थ सोप्या शब्दांत सांगता येतो. सर्वांत सोप्या शब्दाचा अर्थ कोणत्या शब्दांत सांगावयाचा?

सॅम्युएल जॉन्सनचा कोश १५ एप्रिल १७५५ रोजी प्रसिद्ध झाला. सुमारे ४२ हजार नोंदी असलेल्या या कोशात ‘असणे’विषयीच्या शब्दांचा माग काढीत गेले तर वाचक एका फेऱ्यात सापडतो. ‘बी’ या क्रियापदाचा पहिला अर्थ जॉन्सन देतो तो एखादी स्थिती, अवस्था, गुण किंवा आगंतुक धर्म धारण करण्याचा. दुसरा कर्मणी प्रयोगाला साहाय्य करण्याचा. आणि अस्तित्व असण्याचा अर्थ त्यानंतर तिसऱ्या क्रमांकावर येतो. ‘एक्झिस्ट’ पाहावे तर तेथे पुन्हा ‘बी’ भेटतो. ‘एक्झिस्टन्स’ पाहावे तर ती ‘बीइंग’ची ‘स्टेट’ निघते. ‘बीइंग’ पाहावे तर ते ‘एक्झिस्टन्स’ निघते, आणि तेथे अभावाच्या विरुद्ध ते, असा खुलासा येतो. ‘स्टेट’ म्हणजे ‘कंडिशन’, आणि ‘कंडिशन’च्या अर्थांत पुन्हा ‘स्टेट’. वर्तुळ पुरे होते.

हे जॉन्सनच्या ध्यानात आले नव्हते असे मानणे अन्यायाचे होईल. आपल्या प्रस्तावनेत त्याने स्पष्टपणे मांडले आहे की अर्थ सांगावयाला मूळ शब्दाहून सुगम शब्द लागतात आणि ते नेहमीच मिळत नाहीत. ज्याप्रमाणे काही गोष्टी स्वयंसिद्ध धरल्याखेरीज कशाचीच सिद्धता देता येत नाही, त्याप्रमाणे व्याख्या करावयालाही व्याख्येपलीकडचे काही साधे शब्द गृहीत धरावेच लागतात. म्हणजे अस्तित्ववाचक शब्दांपाशी पडणारे वर्तुळ हा कोशकाराचा हलगर्जीपणा नव्हे. तो कोश या प्रकाराचा पाया आहे, आणि पाया उकरून पाहिला की खाली भाषाच सापडते.

जॉन्सनच्या क्रमातून मात्र दुसरी एक गोष्ट दिसते. इंग्रजीचे ‘बी’ एकाच वेळी तीन कामे करते : वस्तू आहे असे सांगणे, वस्तू अमुक आहे असे सांगणे, आणि ती अमुक स्थितीत आहे असे सांगणे. १९व्या शतकाच्या अखेरीस जेम्स मरे यांच्या संपादनाखाली ऑक्सफर्डचा ऐतिहासिक कोश सिद्ध होऊ लागला, तेव्हा या एका क्रियापदाच्या पोटात मुळात वेगळे असलेले तीन धातू एकत्र आल्याचे त्यात नोंदविले गेले. त्यांतील एक संस्कृतातील ‘अस्’चा सगोत्र, दुसरा ‘भू’चा, आणि तिसरा राहणे या अर्थाच्या ‘वस्’चा. मराठीचे ‘असणे’ आणि ‘होणे’ हे याच पहिल्या दोन कुळांतले. इंग्रजीने ही कुळे एका छपराखाली आणली. मराठीने त्यांना निरनिराळ्या घरांत ठेवले, आणि दोन घरांमधली वहिवाट मात्र चालू ठेवली. कोशांच्या इतिहासात पुढे जे घडले ते या फरकामुळे.

३

मराठीच्या कोशांचा आधुनिक इतिहास सर्वपरिचित आहे. विल्यम केरी यांचा कोश श्रीरामपूरहून १८१० साली निघाला. व्हान्स केनेडी यांचा मुंबईत १८२४ साली. १८२९ साली जगन्नाथशास्त्री क्रमवंत प्रभृती पंडितांनी सिद्ध केलेला ‘महाराष्ट्र भाषेचा कोश’ प्रसिद्ध झाला. १८३१ साली जेम्स मोल्सवर्थ यांनी जॉर्ज व टॉमस कँडी या बंधूंच्या साहाय्याने रचलेला मराठी-इंग्रजी कोश आला. त्याची वाढविलेली दुसरी आवृत्ती १८५७ची, सुमारे साठ हजार शब्दांची. उलट दिशेचा इंग्रजी-मराठी कोश मोल्सवर्थ यांनी आरंभिला आणि टॉमस कँडी यांनी पुरा करून १८४७ साली प्रसिद्ध केला. मोल्सवर्थच्या कोशाचा संक्षेप १८६३ साली करणारे बाबा पदमनजी हे जन्माने बेळगावचे, म्हणजे गडहिंग्लजच्या शेजारचेच.

या कोशांत १८२९चा पंडितांचा कोश एकभाषिक होता, आणि म्हणून जॉन्सनपुढे होती तीच अडचण त्याच्यापुढे होती : मराठी शब्दाचा अर्थ मराठीतच सांगावयाचा. मोल्सवर्थची गोष्ट निराळी. द्विभाषिक कोशाला ‘असणे’ची व्याख्या करावी लागत नाही. तो ‘असणे’ हा शब्द इंग्रजी ‘बी’च्या स्वाधीन करतो आणि मोकळा होतो. ‘बी’ म्हणजे काय, हे सांगण्याची जबाबदारी इंग्रजी कोशावर पडते, इंग्रजी कोश ती ‘एक्झिस्टन्स’वर आणि ‘स्टेट’वर टाकतो, आणि या नामांचा अर्थ मराठी माणसाला हवा असेल तर इंग्रजी-मराठी कोश ‘अस्तित्व’, ‘स्थिती’, ‘अवस्था’ असे शब्द पुढे करतो. जॉन्सनच्या कोशात एका भाषेत पुरे होणारे वर्तुळ येथे दोन भाषांना वळसा घालून पुरे होते. फरक इतकाच की निघताना हातात क्रियापद होते आणि परत येताना नाम.

क्रियापद जाताना बरोबर काय काय गेले हे पाहू. मराठीत ‘संकेश्वरी मिरची तिखट असते’ आणि ‘ही मिरची तिखट आहे’ ही दोन भिन्न विधाने आहेत. पहिले जातीविषयी आहे, अनुभवाने ठरलेल्या धर्माविषयी. दुसरे समोरच्या वस्तूविषयी, चव घेऊन केलेले. पहिले विधान करावयाला मिरची समोर असावी लागत नाही. ‘मिरची लाल होते’ हे तिसरे विधान. त्यात काळ वाहतो. पहिल्या दोन वाक्यांसाठी इंग्रजीत एकच ‘इज’ पुरतो, आणि ‘आहे’ व ‘असते’ यांतील भेद संदर्भावर सोपविला जातो. मोल्सवर्थसारख्या कानाच्या तिखट कोशकाराला हा भेद ऐकू आला नसेल, असे कोण म्हणेल? पण कोशाची रचनाच अशी की तेथे धातूखाली अर्थ येतो. रूपारूपांतला भेद व्याकरणाच्या पुस्तकाकडे जातो. ‘आहे’ आणि ‘असते’ यांतील अंतर हे अर्थाचे अंतर असूनही व्याकरणाच्या खात्यावर जमा झाले.

दुसरे उदाहरण भूतकाळाचे. ‘असणे’चा भूतकाळ आपण ‘होता, होती, होते’ असा करतो, म्हणजे ‘होणे’कडून उसना घेतो. त्यामुळे नपुंसकलिंगी एकवचनात एक चमत्कारिक संगम घडतो. ‘दुधाचे दही होते’ आणि ‘भांड्यात दही होते’ या दोन वाक्यांतील क्रियापद कानाला एकच आहे. पहिल्यात ते घडण्याचे, दुसऱ्यात ते असून गेल्याचे. लोककथेचा आरंभ आपण ‘आटपाट नगर होतं’ असा करतो तेव्हा त्या ‘होतं’मध्ये असण्याबरोबर झाल्याचा, घडल्याचा एक पुसट स्वर मिसळलेला असतो. मराठी भाषकाच्या कानाला गतकाळातील अस्तित्व हे नेहमी घडून आलेले असते. नकारात तर भूतकाळ आपला चौकोनच मोडून टाकतो : ‘तो घरी नव्हता’ आणि ‘तो चोर नव्हता’ या दोन्ही ठिकाणी ‘नव्हता’च. वर्तमानात जो भेद तागडीने मोजला जातो, तो काल झालेल्या गोष्टीविषयी बोलताना विरघळतो. भाषा काय जपते आणि काय सोडून देते याचे हे नमुने आहेत. ‘बी’ या एका अक्षरी उत्तरात त्यांतले काहीच उतरत नाही.

४

‘असण्या’कडून आता ‘स्थिती’कडे वळू, कारण जॉन्सनने ‘बी’चा पहिला अर्थ स्थितीशी जोडला, आणि इंग्रजी कोशांत अस्तित्वाचा रस्ता स्थितीच्या दारावरूनच जातो.

व्युत्पत्ती पाहिली तर दोन्ही भाषांची कल्पना एकच दिसते. ‘स्थिती’, ‘अवस्था’, ‘संस्था’ हे सगळे ‘स्था’ धातूचे, उभे राहण्याचे. ‘स्टेट’ हा लॅटिनमधील उभे राहण्याच्या धातूपासून. ‘एक्झिस्ट’ म्हणजे मुळात बाहेर येऊन उभे राहणे. हे सर्व धातू एकाच कुळातले. म्हणून ‘स्टेट’ला ‘स्थिती’ हा प्रतिशब्द देणाऱ्याला आपण समान वजनाची वस्तू दिली असे वाटणे स्वाभाविक आहे. पण शब्दांचे वजन त्यांच्या धातूवर ठरत नाही, वापरावर ठरते. आणि वापरात दोन्ही भाषांच्या वाटा अगदी उलट गेल्या आहेत.

इंग्रजी ‘स्टेट’चा प्रवास वर चढणारा आहे. जॉन्सनच्याच कोशात त्याचे इतर अर्थ पाहिले तर रुबाब, वैभव, समाज, राज्यसत्ता येथपर्यंत तो पोचलेला दिसतो. मराठीतील स्थितिवाचक शब्द उतरणीला लागलेले आहेत. ‘दशा’ हा संस्कृतात वस्त्राच्या काठाचे सुटे धागे, दिव्याची वात, आणि मग आयुष्याचा टप्पा अशा अर्थांनी येतो. पैकी काठाच्या धाग्याचा अर्थ आपल्या ‘दशी’त टिकला आहे. पण ‘काय दशा झाली!’ असे आपण चांगल्या टप्प्याविषयी म्हणत नाही. ‘गत’ ही मूळची गती. ‘काय गत झाली’ म्हणताना ती अधोगतीच असते. ‘अवस्था’ शब्द एकटा आला की तो कीव मागतो. सर्वांत बोलका शब्द ‘हाल’. अरबीत त्याचा अर्थ निव्वळ स्थिती एवढाच. ‘हालहवाल’ या जोडशब्दात मराठीनेही तो तटस्थ अर्थ राखला आहे. एकटे ‘हाल’ मात्र सोसावेच लागतात. ‘परिस्थिती’सारखा पंडिती शब्दही लोकांच्या तोंडी पडल्यावर याच उताराला लागला. ‘शिकायची परिस्थिती नव्हती’ हे वाक्य ज्या घरांत बोलले जाते, तेथे परिस्थिती म्हणजे पैसा. परिस्थिती असणे म्हणजे सुस्थितीत असणे, आणि नसणे म्हणजे दारिद्र्य. ज्याला काही ना काही परिस्थिती नाही असा माणूस तर्कशास्त्रात संभवत नाही. महाराष्ट्रात तो गावोगाव आहे.

कोश असे झुकलेले अर्थ नोंदवू शकतो, आणि चांगला कोश नोंदवितोही. पण अनुवादाच्या गरजेने निघालेला माणूस प्रतिशब्दांच्या रांगेतला पहिला शब्द उचलतो. त्याला शब्द हवा असतो, शब्दाचा कल नको असतो. अशा रीतीने कार्यालयांच्या, वर्तमानपत्रांच्या आणि पाठ्यपुस्तकांच्या मराठीत तटस्थ ‘स्थिती’ आणि ‘अवस्था’ स्थिरावल्या, आणि बोलीत त्यांची कलती भावंडे राहिली. ‘स्टेट’साठी आणखी एक शब्द आपण त्या काळात योजला : ‘संस्थान’. गडहिंग्लज हे त्या अर्थाने ‘स्टेट’मधले गाव. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. ‘स्था’ धातूचा एक अर्थ त्या दिवशी येथून उठला, आणि ‘परिस्थिती’ मागे राहिली.

५

आता मूळ प्रश्न. अस्तित्वाविषयीचा शब्द क्रियापदाकडून नामाकडे गेला, तर त्याने साहित्यविचाराचे काय बिघडले?

प्रथम एक आक्षेप मान्य केला पाहिजे. ‘अस्तित्व’ हा शब्द कोशकारांनी घडविलेला नाही. तो शास्त्रग्रंथांतला जुना शब्द आहे, आणि त्याची घडण मोठी मनोरम आहे. ‘अस्ति’ म्हणजे ‘आहे’ हे पूर्ण क्रियापद. त्याला ‘त्व’ जोडून नाम केले. ‘आहे-पणा’ असा त्याचा शब्दशः अर्थ. ‘आस्तिक’ आणि ‘नास्तिक’ हेही अशाच ‘अस्ति’-‘नास्ति’पासून झालेले. म्हणजे ‘अस्तित्व’ या नामाच्या पोटात एक क्रियापद जिवंत गाडलेले आहे. १९व्या शतकाने केले ते इतकेच की शास्त्रातला हा शब्द इंग्रजी नामाचा जोडीदार म्हणून रोजच्या गद्यात आणला. परिणामी समिती ‘अस्तित्वात येते’, कायदा ‘अस्तित्वात असतो’. ‘अस्तित्वात आहे’ या प्रयोगात ‘आहे’ दोनदा येतो हे आता कोणाला खटकत नाही. बोलीत शाळा निघते, कारखाना निघतो, पेठ बसते, गाव वसते. प्रत्येक वस्तूची अस्तित्वात येण्याची रीत निराळी असते आणि तिला निराळे क्रियापद असते.

यास्काने निरुक्तात नाम आणि आख्यात यांचा जो भेद केला तो येथे उपयोगी पडतो. आख्यातात भाव प्रधान, म्हणजे होणे, घडणे. नामात सत्त्व प्रधान, म्हणजे घडून झालेली, बोटाने दाखविता येण्यासारखी वस्तू. भावाचे सहा विकार वार्ष्यायणीच्या मताने तो सांगतो : जन्मणे, असणे, पालटणे, वाढणे, झिजणे, नाहीसे होणे. या यादीत ‘असणे’ हा सहांतला एक विकार आहे. प्रवाहातला एक टप्पा. ‘अस्तित्व’ म्हटले की तो टप्पा प्रवाहातून उचलून काठावर ठेवला जातो. आपली बोली या सहा विकारांशी किती मोकळेपणाने खेळते पाहा. बांगडी फुटली असे न म्हणता ती ‘वाढवली’ म्हणावयाचे, दिवा विझवला न म्हणता ‘वाढवला’ म्हणावयाचे, ही घराघरांतील जुनी रीत. सहाव्या विकाराचे नाव टाळून त्या जागी चौथ्याचे ठेवावयाचे. अस्तित्वाविषयीची ही समज क्रियापदांत आहे. नामात तिला शिरायला वाव नाही.

कोशातील वर्तुळाचा प्रश्नही आपल्या परंपरेला अपरिचित नव्हता. ‘अमृतानुभवा’च्या पाचव्या प्रकरणात ज्ञानदेवांनी सत्, चित् आणि आनंद या तीन पदांचा विचार केला आहे. त्यांच्या विवेचनाचा रोख असा की ही पदे वस्तूचे वर्णन करीत नाहीत. ती केवळ असत्, जड आणि दुःख यांची निवृत्ती करतात, आणि तेवढे काम करून मावळतात. जॉन्सनने ‘बीइंग’ समजावताना अखेर अभावाच्या विरुद्ध ते, असा आधार घेतला होता. दोघांमध्ये सुमारे साडेचार शतकांचे अंतर आहे आणि हेतूंत तर त्याहून मोठे. तरीही एका जागी ते भेटतात : असण्याचा अर्थ नसण्याला बाजूस सारूनच सांगता येतो. कोशकार तेथे थांबतो, कारण त्याला पुढच्या शब्दाकडे जावयाचे असते. ज्ञानदेव तेथून शब्दाच्याच खंडनाकडे जातात.

पाश्चात्त्य विचारातही हा प्रश्न भाषेच्या अंगाने उपस्थित झाला आहे. एमिल बेनव्हेनिस्त यांनी १९५८च्या निबंधात ॲरिस्टॉटलची विचारकोटींची यादी ग्रीक भाषेच्या व्याकरणकोटींशी कशी जुळते ते दाखविले, आणि ‘असणे’चे काम अनेक क्रियापदांत वाटून देणाऱ्या आफ्रिकेतील एवे भाषेचे उदाहरण शेजारी ठेवले. झाक देरिदा यांनी १९७१ साली त्या मांडणीची उलटतपासणी केली : भाषा विचाराच्या कोटी ठरविते असे म्हणताना ‘कोटी’ ही कल्पनाच आपण तत्त्वज्ञानाकडून घेतलेली असते. हा इशारा आपणांसही लागू आहे. मराठीत ‘नाही’ आणि ‘नव्हे’ वेगळे आहेत म्हणून मराठी माणूस उपजत तत्त्वज्ञ ठरत नाही. भाषा भेद हाताशी ठेवते. तो वापरावयाचा की नाही हे बोलणाऱ्यावर आणि लिहिणाऱ्यावर असते.

आणि येथेच समीक्षेचा संबंध येतो. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात अस्तित्ववाद हा आपल्याकडे चर्चेचा मोठा विषय झाला. १९६३ साली आलेल्या ‘कोसला’सारख्या कादंबरीविषयीची चर्चाही त्या शब्दाला वळसा घालून जाऊ शकली नाही. चर्चा मोलाची होती. पण तिचा पारिभाषिक शब्द नाम होता, आणि साहित्यकृती क्रियापदांत लिहिलेली असते. पात्राच्या अस्तित्वाचा प्रश्न आपण विचारला. निवेदक कोठे ‘आहे’ म्हणतो, कोठे ‘असते’ म्हणतो, ‘नव्हे’च्या जागी ‘नाही’ केव्हा येते, हे प्रश्न शैलीच्या परिशिष्टात गेले. ‘असते’ वापरणारा निवेदक अनुभवाचा नियम करून टाकतो, ‘आहे’ म्हणणारा त्याच्यापुढे उभा राहतो. एखाद्या कवितेतले जग पहिल्या कडव्यापासून शेवटच्या कडव्यापर्यंत ‘असते’कडून ‘आहे’कडे सरकत असेल, तर त्या कवितेची अस्तित्वविषयक भूमिका तेथे आहे, तिच्यासाठी आणखी एखाद्या वादाचे नाव शोधावे लागत नाही. देशी वाङ्मयविचाराची भाषा गेली काही दशके आपण करीत आलो आहोत. देशीपण प्रथम जेथे शोधावयाचे ती जागा भाषेचे क्रियापद ही आहे.

६

अखेरीस पुन्हा सीमेवर येऊ. गडहिंग्लजवरून वाहणारी हिरण्यकेशी पुढे संकेश्वराकडे जाते आणि घटप्रभेला मिळते; भाषा त्या वाटेवर मराठीतून कानडी होते. कानडीतही आपला चौकोन आहे. वस्तू नाही हे सांगावयाला ‘इल्ल’, आणि वस्तू ती नव्हे हे सांगावयाला ‘अल्ल’. कानडीचा होकार ‘हौदु’ हाही होणे या अर्थाच्या धातूचाच, आपल्या ‘होय’सारखा. फर्डिनांड किटेल यांच्या १८९४च्या कानडी-इंग्रजी कोशाला या शब्दांसाठी इंग्रजीच्या त्याच एका ‘बी’च्या दारातून जावे लागले, मोल्सवर्थला जावे लागले तसेच. दोन शेजारणींनी एकमेकींशी बोलण्यासाठी परगावचा दुभाषा नेमावा, तसे हे झाले. मराठीने हा भेद कानडीपासून घेतला असा निष्कर्ष मात्र घाईचा ठरेल. कोकणीत ‘ना’ आणि ‘न्हय’, बंगालीत ‘नेइ’ आणि ‘नय’ अशा जोड्या आहेतच. मुद्दा उगमाचा नाही, सहवासाचा आहे.

सहवास काय करू शकतो याचा पुरावा याच परिसरात आहे. सांगली जिल्ह्यातील कुपवाडच्या बोलींचा जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी केलेला अभ्यास १९७१ साली प्रसिद्ध झाला. ‘हे माझे घर’ यासारखे वाक्य प्रमाण कानडी क्रियापदावाचून पुरे करते. कुपवाडच्या कानडीत मात्र मराठी-उर्दूच्या शेजारामुळे अशा वाक्यांना शेवटी ‘आहे’सारखे क्रियापद लागू झाल्याचे त्यांना आढळले. शब्द कानडीचाच राहिला, वाक्याची ठेवण बदलली. असण्याविषयीची भाषा एका समाजाकडून दुसऱ्याकडे जाण्याच्या दोन वाटा येथे समोरासमोर दिसतात. कोशाच्या वाटेने नाम येते, आणि ते भाषेच्या वरच्या मजल्यावर राहते. शेजाराच्या वाटेने क्रियापदाची रीत येते, आणि ती थेट स्वयंपाकघरात शिरते. पहिली वाट आपण ग्रंथांत नोंदविली. दुसरीची नोंद फारशी कोणी ठेवली नाही, कारण ती चालणाऱ्यांना आपण चालत आहोत याचेही भान नव्हते.

आज ‘नव्हे’ मागे हटत आहे. शहरी प्रमाण मराठीत ‘हे माझे घर नाही’ असे सहज लिहिले जाते, आणि घर माझ्या मालकीचे नव्हे की मला घरच नाही, हे संदर्भाने ठरवावे लागते. कोणताही कोश हा ऱ्हास थांबवू शकणार नाही. ते कोशाचे कामही नव्हे. वाचकाच्या आणि समीक्षकाच्या हाती एवढेच आहे की, जेथे हा भेद अजून जिवंत आहे तेथे तो ऐकू यावा.

तो कोठे ऐकावा? २०१९च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर जिल्ह्यात महापूर आला. पाणी ओसरल्यावर अशा वेळी माणसे जे म्हणतात ते सरकारी पंचनाम्याच्या भाषेत बसत नाही. तेथे नुकसान असते, स्थिती असते, रक्कम असते. घर गेलेला माणूस म्हणतो, ‘होत्याचं नव्हतं झालं.’ तीन शब्दांचे वाक्य, आणि तिन्ही शब्द एकाच ‘होणे’चे : जे होते ते, जे नव्हते असे, झाले. ‘होते’ हे येथे षष्ठी घेऊन नाम बनले आहे, पण क्रियापदाचा श्वास न सोडता. ‘नव्हते’ ही एक वस्तू झाली आहे, जी घडू शकते. इंग्रजी कोशाला या वाक्यासाठी सर्वस्व गमावल्याचे एखादे विधान द्यावे लागेल, आणि ते चूक ठरणार नाही. परंतु त्या विधानात काय गमावले एवढेच कळेल. असण्याच्या शब्दानेच नसणे घडवून दाखविणारी ही रीत, जिच्यापाशी जॉन्सन थांबला आणि ज्ञानदेव पुढे गेले, ती त्यात उतरणार नाही. ती पुराच्या काठावर उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडी आहे, आणि तेथे तिला व्याख्येची गरज भासलेली नाही.